घरभर वाय-फाय पोहोचवताना: मोजणीपासून तारेपर्यंत

घरातल्या एखाद्या खोलीत वाय-फाय नीट चालत नसेल, तर उपाय शोधण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे ठरवावे लागते. कारण ‘नेट स्लो आहे’ या एकाच तक्रारीमागे दोन अगदी निराळी कारणे असू शकतात. एक म्हणजे सेवा पुरवठादाराकडून घरापर्यंत येणारी जोडणीच मंद असणे, आणि दुसरे म्हणजे घरात वेग व्यवस्थित येऊनही राउटरपासून त्या खोलीपर्यंत जाताना तो वाटेत गळून जाणे. या लेखातले उपाय दुसऱ्या कारणासाठी आहेत. पहिले कारण असेल, तर घरात कितीही उपकरणे जोडली तरी काडीचाही फरक पडणार नाही.

हा निवाडा करायला फार वेळ लागत नाही. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून एक स्पीड टेस्ट घ्यावी, मग केबल काढून राउटरसमोर दोन-तीन मीटरवर वाय-फायवर दुसरी घ्यावी आणि तिसरी अडचणीच्या खोलीत जाऊन घ्यावी. केबलवरच वेग कमी असेल, तर सेवा पुरवठादाराशी बोलावे. केबलवर चांगला आणि राउटरसमोर मात्र कमी असेल, तर राउटर जुना आहे किंवा त्याच्या चॅनलवर, म्हणजे तो वापरतो त्या लहरींच्या पट्ट्यावर, गर्दी आहे असे समजावे. पहिले दोन आकडे ठीक असून तिसराच कोसळत असेल, तर प्रश्न खरोखर रेंजचा आहे.

रेंज मोजणे

फोनवर दिसणाऱ्या वाय-फायच्या दांड्यांवर विसंबू नये. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने ठरवते, त्यामुळे एका फोनवरच्या तीन दांड्या आणि दुसऱ्यावरच्या तीन दांड्या सारख्या नसतात. खरे माप डीबीएम या एककात मिळते आणि ते उणे अंकांत असते. अंक शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल बलवान. उणे ५० म्हणजे उत्तम. व्हिडिओ कॉल निर्धास्त चालावा यासाठी साधारणपणे उणे ६७ ही सीमारेषा धरली जाते. उणे ७० ते ७५ च्या आसपास पाने उघडतात, पण कॉल अधूनमधून अडखळतो. उणे ८० ला जोडणी टिकण्याचीच मारामार होते, आणि उणे ९० च्या जवळ सिग्नल आजूबाजूच्या रेडिओ लहरींच्या गोंगाटात बुडून जातो.

हे माप सरळ बेरीज-वजाबाकीचे नाही, हे लक्षात ठेवले नाही तर आकड्यांचा अर्थ चुकतो. तीनने घट झाली की शक्ती निम्मी होते आणि दहाने घट झाली की ती एक दशांश उरते. म्हणजे उणे ६० आणि उणे ७० यांत दिसायला फरक दहाचाच असला, तरी दुसऱ्या जागी पहिल्याच्या तुलनेत फक्त दहा टक्के शक्ती पोहोचते.

अँड्रॉइड फोनवर वाय-फायचा सिग्नल डीबीएममध्ये दाखवणारी अनेक मोफत ॲप मिळतात. मॅकवर ऑप्शन ही कळ दाबून धरून वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले की हाच आकडा दिसतो. आयफोनवर अशी ॲप सहसा सापडत नाहीत, मात्र ॲपलच्याच एअरपोर्ट युटिलिटी या ॲपमध्ये वाय-फाय स्कॅनर आहे. तो फोनच्या सेटिंग्जमधून आधी चालू करावा लागतो.

आता एका कागदावर घराचा कच्चा नकाशा काढावा, राउटरची जागा फुलीने दाखवावी आणि घरभर फिरून आकडे लिहीत जावे. येथे थोडा चोखपणा हवा. खोलीच्या मधोमध उभे राहून घेतलेला आकडा फारसा उपयोगाचा नसतो. माणूस जिथे बसून काम करतो ती खुर्ची, जिथे आडवा पडून फोन पाहतो तो पलंग, जिथे टीव्ही आहे ती भिंत, अशा नेमक्या जागांवर आकडा घ्यावा. एकाच खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर उणे ६४ आणि लोखंडी कपाटाआडच्या पलंगावर उणे ७५ असा फरक निघणे अगदी स्वाभाविक आहे. फोन नेहमी धरतो तसाच हातात धरावा, कारण तळहातही सिग्नल शोषतो. आकडा सतत खालीवर होत असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी काही क्षण थांबून मधला आकडा टिपावा. फोन त्या क्षणी कोणत्या बँडवर, म्हणजे २.४ की ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर, आहे हेही शेजारी लिहावे. नाहीतर राउटरपासून दूर गेल्यावर आकडा अचानक सुधारलेला दिसतो आणि कोडे पडते, तर प्रत्यक्षात फोन ५ गिगाहर्ट्झवरून २.४ वर उतरलेला असतो.

हा कागद जपून ठेवावा. पुढे केलेला प्रत्येक बदल उपयोगी पडला की नाही, हे ठरवण्याचे दुसरे खात्रीचे साधन आपल्याकडे नसते.

राउटरची जागा बदलणे

काही खर्च न करता सर्वांत मोठा फरक पडतो तो जागेमुळे, आणि नेमका हाच उपाय सर्वांत कमी वेळा केला जातो. राउटर बहुधा बाहेरची तार जिथून घरात शिरते तिथेच, म्हणजे घराच्या एका कडेला, टीव्हीच्या मागे किंवा बंद कपाटात जाऊन बसतो. अशा वेळी त्याचा निम्मा सिग्नल घराबाहेर वाया जातो आणि उरलेल्या निम्म्याला अडथळ्यांची शर्यत पार करावी लागते.

हे अडथळे एकसारखे नसतात. लाकूड, प्लायवूड किंवा जिप्समच्या पातळ भिंती सिग्नलला फारशा अडवत नाहीत. विटांची भिंत बऱ्यापैकी अडवते. सळया घातलेले काँक्रीट त्याहून कितीतरी जास्त अडवते. त्यामुळे राउटर एका मजल्यावर आणि वापर दुसऱ्या मजल्यावर असेल, तर मधला स्लॅब हीच मुख्य अडचण असते. धातूचे कपाट, फ्रिज आणि मोठा आरसा यांतून सिग्नल पार जाण्याऐवजी परततो, कारण आरशाच्या काचेमागेही धातूचा थर असतो. पाणी सिग्नल शोषून घेते, म्हणून माशांच्या मोठ्या टाकीमागे राउटर ठेवू नये. आणखी एक बाब सहसा ध्यानात येत नाही: सिग्नल भिंतीतून तिरका गेला, तर त्याला भिंतीची जाडी जास्त पार करावी लागते. त्यामुळे राउटर एक-दोन मीटर सरकवून भिंतीच्या समोरासमोर आणला, तरी पलीकडच्या खोलीतला आकडा सुधारू शकतो.

तेव्हा राउटर शक्यतो घराच्या मध्याकडे, जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर, मोकळ्या जागी ठेवावा. फायबरची जोडणी असेल, तर ती बारीक काचेची तार स्वतः ओढू किंवा वाकवू नये. तीव्र वळणावर तिच्यातला प्रकाश गळतो आणि तार तुटूही शकते. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील, तर डबा तिथेच राहू द्यावा आणि लांब लॅन केबल टाकून फक्त राउटर मध्यावर आणावा. दोन्ही एकाच डब्यात असतील, तर जागा बदलून देण्याची विनंती सेवा पुरवठादाराला करावी.

बाहेरच्या अँटेनांविषयी एक गैरसमज असा, की अँटेनेचे टोक ज्या दिशेला, त्या दिशेला सिग्नल जास्त जातो. वस्तुस्थिती उलट आहे. उभ्या अँटेनेचा सिग्नल तिच्या चारही बाजूंना आडवा पसरतो आणि टोकाच्या दिशेने सर्वांत क्षीण असतो. एकाच मजल्यावर वापर असेल, तर अँटेना उभ्या ठेवाव्यात. वरच्या किंवा खालच्या मजल्यावरही सिग्नल हवा असेल, तर एखादी आडवी करून पाहावी. राउटरमागे ॲल्युमिनियमचा कागद लावण्याची युक्ती निव्वळ थोतांड मात्र नाही. सिग्नल त्यावरून परततो आणि एका दिशेला वाढतो, पण तेवढाच तो दुसऱ्या दिशेला कमी होतो. नवा सिग्नल त्यातून तयार होत नाही. राउटर नाइलाजाने बाहेरच्या भिंतीलाच ठेवावा लागत असेल, तर करून पाहायला हरकत नाही.

राउटरजवळून दोन वस्तू दूर ठेवाव्यात. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्यामुळे तो सुरू असताना २.४ चा बँड विस्कळीत होतो. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क आणि तिची केबलही याच बँडमध्ये गोंगाट सोडते, हे इंटेलने २०१२ साली एका तांत्रिक टिपणात दाखवून दिले होते.

बँड आणि चॅनल

२.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींतून तुलनेने दूर जातो, पण तिथे गर्दी फार आणि वेग कमी. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त आणि पल्ला कमी. वाय-फाय ६ई पासून आलेला ६ गिगाहर्ट्झचा बँड आणखी मोकळा आहे, पण भिंतीपुढे तो आणखी लवकर नमतो. घरभर रेंज पसरवण्यासाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

२.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच धरावेत: १, ६ आणि ११. शेजारच्यांचे राउटर १ आणि ६ वर आहेत म्हणून आपण ३ निवडला, तर दोघांचाही उपद्रव पदरात पडतो. ॲपमध्ये गर्दी पाहून तिघांतला एक निवडावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ५ गिगाहर्ट्झवर बहुतेक राउटर ८० मेगाहर्ट्झ रुंदी वापरतात. दूरच्या खोलीत जोडणी सतत तुटत असेल, तर ती ४० करून पाहावी. रुंदी निम्मी झाली की गोळा होणारा गोंगाटही निम्मा होतो, म्हणून जवळचा कमाल वेग घटला तरी कडेच्या खोलीत जोडणी स्थिर होते. ५२ ते १४४ या पट्ट्यातल्या चॅनलांवर रडारला प्राधान्य असते. तिथे राउटरला सुरू होण्याआधी किमान एक मिनिट कानोसा घ्यावा लागतो, आणि मध्येच रडारची चाहूल लागली तर चॅनल सोडावा लागतो. राउटर सुरू केल्यावर ५ गिगाहर्ट्झचे नाव उशिरा दिसणे किंवा अधूनमधून नाहीसे होणे यामागे बऱ्याचदा हेच कारण असते.

राहता राहिला राउटरची प्रक्षेपण शक्ती वाढवण्याचा मोह. जोडणी दुहेरी असते. राउटरचा सिग्नल फोनपर्यंत पोहोचणे जितके आवश्यक, तितकेच फोनचा सिग्नल राउटरपर्यंत परतणे आवश्यक. फोनची अँटेना लहान आणि शक्ती बेताची असते. हाक मारणारा कितीही मोठ्याने ओरडला, तरी उत्तर देणाऱ्याचा आवाज त्यामुळे वाढत नाही. दांड्या भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही, असा प्रकार यातूनच होतो. म्हणून पुढचे सगळे उपाय एकाच सूत्रावर उभे आहेत: सिग्नल दूर फेकण्यापेक्षा त्याचा उगम वापरणाऱ्याच्या जवळ आणावा.

रिपीटर आणि मेश

रिपीटर हे त्यातल्या त्यात सोपे उपकरण. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचले, राउटरशी जोडले, की काम झाले. त्याची मर्यादा अशी, की राउटरकडून ऐकायला आणि फोनला सांगायला तो एकच बँड वापरत असेल, तर प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते आणि मिळणारा वेग साधारण निम्मा होतो. दोन बँडचा रिपीटर घेऊन राउटरशी ५ वर आणि फोनशी २.४ वर बोलणे ठेवले, तर ही घट बरीच टळते. दुसरी चूक जागेची: रिपीटर नेमका जिथे रेंज नाही त्याच खोलीत लावला जातो. तिथे त्याला जे तुटपुंजे मिळते, तेच तो पुढे वाटणार. आपल्या कागदावर उणे ६० ते ६५ चा आकडा जिथे आहे, अशी वाटेवरची जागा त्याच्यासाठी निवडावी. एखादाच फोन, एखादीच खोली, साधा वापर, इतपत गरजेला रिपीटर पुरेसा आहे. त्यापलीकडे मी तो सुचवणार नाही.

मेश म्हणजे एकाच यंत्रणेचे दोन-तीन डबे, जे मिळून एकच जाळे उभे करतात आणि एकाच ॲपमधून सांभाळले जातात. सोय भरपूर आहे, पण डबे आपापसांत हवेतूनच बोलत असतील, तर रिपीटरचा मूळ नियम त्यांनाही चुकत नाही. घेताना दोन बाबी तपासाव्यात: आपापसांतल्या बोलण्यासाठी स्वतंत्र तिसरा बँड आहे का, आणि प्रत्येक डब्याला लॅनचे पोर्ट आहे का. पोर्ट असेल, तर आज ना उद्या डबे तारेने जोडता येतात, आणि तारेने जोडलेली मेश यंत्रणा घरासाठी उत्तमच ठरते. डबे गरजेपेक्षा जास्त लावू नयेत. जवळजवळ ठेवलेले डबे एकमेकांचीच हवा अडवतात. शिवाय सेवा पुरवठादाराच्या राउटरमागे मेश लावताना दोघेही राउटर म्हणून चालू ठेवले, तर घरात एकाऐवजी दोन जाळी होतात आणि प्रिंटर, टीव्ही, फोन एकमेकांना सापडेनासे होतात. दोघांपैकी एकाला ब्रिज किंवा ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकावे, म्हणजे तो वेगळे जाळे न उभारता फक्त जोडणी पुढे देतो.

तारेने जोडलेला ॲक्सेस पॉइंट

जिथे केबल टाकणे शक्य आहे, तिथे दुसरा विचारच करू नये. दूरच्या खोलीपर्यंत एक लॅन केबल न्यावी आणि तिथे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने आलेली जोडणी वाय-फायवर पसरवणारा डबा, बसवावा. वेग निम्मा होत नाही, भिंती मध्ये येत नाहीत आणि वर्षानुवर्षे काही पाहावे लागत नाही. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वाहते, आणि घराला तेवढे पुरते. केबल शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल ठिसूळ असते. लॅन केबल विजेच्या तारांना चिकटून दूरवर नेऊ नये. जोडणीनंतर वेग नेमका १०० मेगाबिटच्या आतच अडकत असेल, तर आठ तारांपैकी एखादी प्लगमध्ये नीट बसलेली नाही, हा पहिला संशय घ्यावा.

नवा ॲक्सेस पॉइंट घ्यायचा नसेल, तर अडगळीतला जुना राउटरही कामी येतो. त्याआधी तो किमान डब्ल्यूपीए २ या वाय-फाय मानकाची सुरक्षा देतो याची खात्री करावी, अन्यथा तो वापरू नये. त्याचे पोर्ट १०० मेगाबिटचे असतील, तर त्या खोलीतला वेग तिथेच थांबणार हेही गृहीत धरावे. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा, कारण तो चुकला तर राउटरच्या पानावर परत शिरणे अवघड होते.

१. जुना राउटर रीसेट करावा आणि मुख्य राउटरला न जोडता फक्त लॅपटॉपला केबलने जोडावा. केबलचे राउटरकडचे टोक त्याच्या लॅन पोर्टमध्ये असावे.

२. त्याच्या सेटिंगच्या पानात ॲक्सेस पॉइंट मोड असेल, तर तो निवडावा. तिसरी आणि चौथी पायरी मग गाळता येते.

३. तसा मोड नसेल, तर लॅनचा आयपी पत्ता बदलावा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल आणि तो इतर उपकरणांना १०० पासून पुढचे पत्ते वाटत असेल, तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्यावा. सेव्ह करून नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करावे.

४. आता डीएचसीपी सर्व्हर बंद करावा. पत्ते वाटण्याचे काम घरात एकानेच करायचे असते. दोघे वाटू लागले की काही उपकरणे चालतात, काही चालत नाहीत, आणि कारण सापडता सापडत नाही.

५. वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तंतोतंत मुख्य राउटरसारखा ठेवावा. चॅनल मात्र वेगळा द्यावा.

६. मुख्य राउटरच्या लॅन पोर्टपासून आलेली केबल जुन्याच्या लॅन पोर्टमध्ये लावावी आणि वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठीचे पोर्ट, रिकामे सोडावे. ॲक्सेस पॉइंट मोड निवडलेला असेल, तर बहुतेक राउटरांत वॅन पोर्ट वापरले तरी चालते.

दोन राउटरांमध्ये केबल एकच असावी. वेग दुप्पट होईल या आशेने दुसरी लावली, तर जाळ्यात वर्तुळ तयार होते आणि सगळे घर ठप्प होऊ शकते.

केबल टाकता येत नसेल तेव्हा

घरातल्या विजेच्या तारांतून डेटा नेणारे पॉवरलाइन ॲडॉप्टर मिळतात. ते थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावावेत. एक्स्टेंशन बोर्ड आणि सर्ज प्रोटेक्टर त्यांचा सिग्नल गाळून टाकतात. दोन्ही टोके विजेच्या वेगवेगळ्या फेजवर असतील, तर वेग फार घटतो. खोक्यावर छापलेला वेग प्रत्यक्षात मिळत नाही, आणि किती मिळेल ते लावून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून परत करण्याची सोय असेल तरच घ्यावेत. खोल्यांत केबल टीव्हीसाठीची जाड कोॲक्सिअल तार आधीच टाकलेली असेल, तर तिच्यावर चालणारे मोका ॲडॉप्टर याहून कितीतरी भरवशाचे असतात.

बसवल्यानंतरची तपासणी

काम झाल्यावर तोच कागद घेऊन त्याच जागांवर पुन्हा आकडे घ्यावेत, आणि एक व्हिडिओ कॉल चालू ठेवून घरभर फिरावे. एका डब्यावरून दुसऱ्यावर कधी जायचे हे फोन स्वतः ठरवतो, वाय-फायची ८०२.११ के आणि व्ही ही मानके त्याला पर्याय सुचवतात आणि आर हे मानक बदल झटपट घडवते, पण निर्णय त्याचाच राहतो. दुसऱ्या डब्याशेजारी बसूनही फोन जुन्याच दूरच्या राउटरला चिकटून राहत असेल, तर राउटरची शक्ती वाढवण्याऐवजी मध्यम करावी. त्याचा सिग्नल लवकर क्षीण झाला की फोन आपोआप जवळचा डबा शोधतो.

एवढे करूनही एखादी जागा उणे ६७ च्या खाली राहिली, तर तिथे नेमके काय चालते ते पाहावे. टीव्ही, टेबलावरचा संगणक, गेमिंग कन्सोल यांसारखी न हलणारी उपकरणे ॲक्सेस पॉइंटच्या रिकाम्या पोर्टमध्ये तारेने जोडून टाकावीत. क्षीण सिग्नलवरचे उपकरण तेवढ्याच डेटासाठी हवा जास्त वेळ अडवून ठेवते, त्यामुळे असे एक उपकरण वाय-फायवरून उतरवले की त्याच चॅनलवरच्या बाकीच्या फोनांचा वेगही सुधारतो.